पायरीवरची माळ

थळ, ता. अलिबाग
१२ मे २०२५

प्रिय कमळ,

ख्रिस्तात सलाम, आणि थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. तुझा हात कसा आहे? सुचिता फोनवर म्हणाली, आईची मूठ आता वळते, पण पोळी लाटताना मनगट दुखतं. मग लाटू नकोस ना. मुंबईत पाव काय कमी मिळतो? लेकीकडे आहेस तर चार दिवस आयतं खा.

हे फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर मी जरा मुद्द्याजवळ आलो की तू म्हणतेस, "दादा, विषय बदल." पत्राला तसं म्हणता येत नाही. घडी घालून उशाखाली ठेवलंस तरी ते तिथे पडून असतंच.

इकडे कोळीवाड्यात सुकट वाळत पडलीय. खिडकी उघडली की आपलं सगळं लहानपण नाकात शिरतं. परवा शाळेवरून गेलो. तू ज्या खोलीत बाकावर उभी राहून कविता म्हणायचीस, तिथे आता संगणक आहेत. शेवटच्या ओळीला तू दर वेळी अडखळायचीस, आणि मी वरच्या वर्गातून पळून येऊन, खिडकीबाहेर उभा राहून, नुसते ओठ हलवून ती पुरवायचो. मास्तरांना वाटायचं, पोरगा प्रार्थना करतोय. केवढं कौतुक करायचे माझं!

माझी तब्येत ठीक. कौलं परतून झाली. विहिरीतला गाळ निघाला. सकाळी चहा आयता हातात येतो. यंदा परसात पांढरा कांदाही केला. तू म्हणशील, या वयात दादा वाफे खणतो? छे. मी बांधावर बसून कविता म्हणत होतो. खणणारे हात दुसरे.

मार्चात आपल्या चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. पहिलं पीक सगळ्यांनी वेदीपुढे मांडलं. तांदूळ होते, नारळ होते, आणि आवडाबाईचा कोंबडा होता. तो उपदेशाच्या मध्येच आरवला, म्हणून पाळकांनी उपदेश आवरता घेतला. आवडाबाई म्हणते, कोंबड्याने मंडळीची सेवा केली. मग अंगणात लिलाव. तो मीच पुकारला, यमकं जुळवत.

एक वस्तू मात्र लिलावात नव्हती. पांढऱ्या कांद्याची माळ, चर्चच्या पायरीवर ठेवलेली.

आपल्या मंडळीचा नियम तुला ठाऊक आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. ज्याच्या हातून कुणाला इजा झाली, त्याने आपलं पीक पायरीपर्यंतच आणायचं. ते उचलून आत न्यायचं ते ज्याला इजा झाली त्याने, त्याचं मन झालं तरच. तोवर इजा करणाऱ्याला प्रभुभोजनाची भाकर नाही की प्याला नाही. कुणी नेलंच नाही, तर पावसाच्या तोंडावर ते पीक जमिनीत पुरायचं.

माळ रितेशची होती. तुझ्या रितेशची.

पत्र इथे बाजूला ठेवू नकोस, कमळ.

त्यावरून मंडळीत जुंपली. याकोब मला म्हणाला, "गुरुजी, क्षमा शिकवतो ना आपण? मग बहिणीला केस मागे घ्यायला सांगा. आईच ती!" त्याचा भाऊ म्हणाला, "दारू पिऊन आईला ढकलून हात मोडणारा माणूस मागच्या बाकावर तरी कशाला हवा?" तशी आवडाबाई पदर खोचून उठली. "हात तिचा मोडला, न् माफी तुम्ही वाटताय व्हय? आणि तू रं, त्याला हाकलून कुठं धाडणार, परत गुत्त्यावर? गप बसा दोघंबी!"

दोघं बसले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, आणि मी चष्मा पुसत राहिलो. कारण मंडळीला माहीत होतं आणि फक्त तुला माहीत नव्हतं, की रितेश नाताळापासून माझ्याकडे राहतो.

व्यसनमुक्ती केंद्रातून निघाला तो थेट माझ्या दारात. दार उघडलं, पण 'आत ये' म्हणायला मला वेळ लागला. तुझं मनगट दोन्ही हातांत धरून मीच तुला दवाखान्यात नेलं होतं. शेवटी म्हणालो, "जेव. पण कोर्टात मी पाहिलं तेच सांगणार." तो म्हणाला, "मामा, तू न्हाय सांगितलंस तर मी सांगेन."

आता तो बर्फाच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी सरळ घरी येतो. रोज नाही विश्वास बसत माझा. बाहेर फाटक वाजलं की मी अजून आधी त्याची चाल बघतो.

जूनमध्ये अलिबागला तारीख आहे. मी साक्ष देईन, एक शब्द कमी न करता. तो गुन्हा कबूल करणार आहे. त्या सकाळी त्याच्याच हातचा चहा पिऊन आम्ही एकाच रिक्षाने कोर्टात जाऊ. लोक हसतात. पण शिक्षा चुकवून त्याला जवळ घेतलं, तर तुझं दुखणं खोटं ठरतं. आणि शिक्षा होणार म्हणून पुढचं ताट ओढून घेतलं, तर मला ख्रिस्ताचं नाव घ्यायला तोंड उरत नाही. एवढ्या वर्षांच्या प्रार्थनेतून मला इतकंच कळलंय. चुकत असेन तर सांग.

माळ तो ओसरीवर विणत होता. तू शिकवलेल्या तालावर, तुझ्या त्याच कवितेच्या एका ओळीला एक कांदा. शेवटच्या ओळीला अडखळला. बरोबर तुझ्याच जागी! मी ओठ हलवले. त्याची मान खाली होती, त्याला दिसलं नाही.

केस मागे घे, असं मी कधीच लिहिणार नाही. ये, असंही लिहीत नाही. पावसासाठी लाँच बंद व्हायला थोडे दिवस आहेत. मांडव्याला उतरलीस तर मी धक्क्यावर असेन. रितेश तेव्हा पाळकांकडे राहायला जाईल. तो समोर नको असेल तुला, म्हणून त्यानेच सुचवलंय. नाही आलीस, तर खड्डा मी खणेन, आणि तुझ्याबद्दल कुणाला चकार शब्द काढू देणार नाही.

माळ नासू नये म्हणून पायरीलगतच, चर्चच्या पडवीत खुंटीला टांगून ठेवलीय. काही कांद्यांना कोंब फुटलेत. जड आहे ती, आणि तुझं मनगट अजून कच्चं. उचलायची तूच, नियम तसा आहे. पण खालून दुसऱ्या कुणी हात लावू नये, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही.

खिडकीबाहेर अजून उभा असलेला,
तुझा दादा