‘शकणे’ या क्रियापदाविषयी

सोमवार, ९ मार्च

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता बरा असेल, त्याच्यापायी कालचा तुझा रविवार चुकला. ‘इकडे सर्व ठीक आहे’ हे आपल्या घरच्या पत्रांतले दुसरे वाक्य असते आणि मी ते आजवर न चुकता लिहीत आले. आज लिहीत नाही.

त्याऐवजी एक कोडे घालते. ते तूही पाहिले असशील. ज्याच्या घरात थकलेले माणूस आहे अशा प्रत्येकाने पाहिलेले असते. दिवसभर खुर्चीतून न हललेले, केस न विंचरलेले, तिसऱ्या हाकेला मान वर करणारे ते माणूस, दारावरची घंटा वाजून डॉक्टर किंवा पाहुणा आत आला की ताठ बसते. आवाज खणखणीत होतो. ‘या, बसा, पंखा लावू का,’ अशी चौकशी होते. तासाभरापूर्वी आपण त्याच डॉक्टरांना फोनवर रडगाणे ऐकवलेले असते. आपण तोंडघशी पडतो. पाहुणा जातो, दार लागते, आणि माणूस पुन्हा खुर्चीत विरघळून जाते. असे का व्हावे?

तुझे उत्तर मला पाठ आहे. ‘ताई, आईला तुझ्याकडून लाड करून घ्यायचे असतात. माझ्यासमोर बघ कशी ठणठणीत असते.’ हे उत्तर आळशी आहे. आळशी उत्तरे ठामपणे देण्याची तुझी हातोटी जुनीच आहे. आता तिला पगार मिळतो, एवढाच फरक.

खरे उत्तर फार सुंदर आहे आणि ते मला मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. आईचे हात चालतात, पाय चालतात, आठवणही बऱ्यापैकी आहे. तिच्यात बिघडली आहे ती सुरुवात. ‘आता उठावे’, ‘आता खावे’ हा हुकूम ज्या ठिकाणाहून सुटतो, ते ठिकाण थकले आहे. हुकूम बाहेरून आला की सगळे यंत्र बिनबोभाट चालते. पाहुणा म्हणजे बाहेरून आलेला हुकूम. त्याच्याकडे बघूनच शरीराला कळते की आता ताठ बसायचे, बोलायचे, हसायचे. म्हणून आई कशी आहे हे पाहायला येणाऱ्या कोणालाही ती कधीच दिसत नाही. ताप मोजायला आणलेल्या तापमापकानेच अंग निववावे, तसे हे आहे. तू चौदा वर्षे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एक तास येतोस. तुला आई भेटत नाही. तुला तुझ्या येण्याचा परिणाम भेटतो.

या एका तासाच्या ज्ञानावर तू तुझ्या खात्यासाठी, सरकारी मदत कोणाला द्यायची हे ठरवणारे मूल्यमापन पत्रक तयार करून घेतलेस. त्या पत्रकातला शब्द न् शब्द मला ठाऊक आहे. का, ते पुढे सांगते.

जानेवारीत तुमचे तपासनीस आले. पन्नाशीचे, घामेजलेले, सभ्य गृहस्थ. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. आई नऊ वाजल्यापासून रात्रीच्याच कपड्यांत खिडकीशी बसली होती. घंटा वाजली आणि ती पाच मिनिटांत माणसांत आली.

“आजी, केस स्वतः विंचरू शकता का?”

“न विंचरायला काय झालं?”

“दाखवा बरं.”

मी फणी दिली. आईने भांग पाडला, रेषेसारखा सरळ.

“कपड्यांची बटणं लावू शकता?”

“तुमचंच वरचं सुटलंय. या इकडे, लावून देते.”

ते हसले आणि खरोखरच वाकले. आईने त्यांचे बटण लावून दिले. मी मध्ये म्हणाले, “साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून ती हे करते आहे. एरवी—”

“ताई,” ते म्हणाले, “एरवीला रकाना नाही हो.”

सतरा मिनिटांत काम आटोपले. शेरा मी नंतर माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळवला. तो असा : ‘अर्जदार इतरांनाही साहाय्य करण्यास सक्षम.’

फेब्रुवारीत पत्र आले. ‘आपण पूर्णतः स्वावलंबी असल्याचे आढळून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. सबब आपली गृहसाहाय्य सेवा व ज्येष्ठ नागरिक दिवसकेंद्रातील जागा महिनाअखेरीस समाप्त करण्यात येत आहे.’ मी सदतीस वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवते आहे. अभिनंदन आणि समाप्ती यांच्यामध्ये ‘सबब’ हे अव्यय इतक्या निर्लज्जपणे उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले.

आता गृहसाहाय्य सेवा म्हणजे काय, तेही सांगते, कारण ती चालवणाऱ्या खात्याला ते माहीत असल्याचे दिसत नाही. मी सातला शाळेत जाते, चारला येते. आठवड्यातले तीन दिवस आई केंद्रात असायची. उरलेल्या दिवशी मदतनीस बाई दोनदा यायच्या. त्या काय करत? तुझ्या दृष्टीने, काहीही नाही. त्या आईला भरवत नसत, उचलत नसत, पुसत नसत. त्या म्हणत, ‘आजी, उठा,’ आणि आई उठे. ‘आजी, एक घोट घ्या,’ आणि आई घेई. हे इतक्या वेळा चाले की आईने त्यांचे नावच घोटबाई ठेवले होते. ‘आज घोटबाई कुठे उलथली?’ असे ती त्यांच्या तोंडावर विचारायची आणि दोघी हसायच्या. ती सेवा म्हणजे एक वाक्य होते, योग्य वेळी, आपल्या माणसाच्या आवाजात. तुझ्या हिशेबनिसांना ते वाक्य सापडले नाही, कारण ते कोणत्याच पावतीवर छापलेले नव्हते.

दोन मार्चला मी शाळेतून आले तेव्हा आई खुर्चीत तिरकी पडली होती. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली, मला ‘बाई’ म्हणून हाक मारत होती. रुग्णालयात तीन दिवस सलाईन लागले. मूत्रपिंडे थोडक्यात वाचली. पुढच्या वेळी वाचतील अशी हमी डॉक्टर देत नाहीत. दुसरे काहीही झालेले नव्हते. ती पाणी प्यायली नव्हती. टेबलावर तांब्या होता, हात लांब केला की लागेल असा.

हे मी तुला फोनवर सांगितले तेव्हा तू म्हणालास, “अगं, मग तिला सांग ना पाणी जास्त प्यायला.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. तू जी सेवा बंद केलीस तिची याहून नेमकी व्याख्या आजवर कोणी केलेली नाही.

“मोबाइलवर गजर लाव,” हा तुझा दुसरा उपाय. लावला होता. काल आतल्या खोलीतून पाहत राहिले. गजर वाजला, आई शांतपणे ऐकत बसली आणि थोड्या वेळाने भिंतीला म्हणाली, ‘कुणाचं तरी काहीतरी वाजतंय.’ तिसरा उपाय, मी नोकरी सोडावी. त्यावर मी काही लिहीत नाही, कागद चांगला आहे.

हे एकट्या आईचे गाऱ्हाणे समजू नकोस. आमच्याच जिन्यात तळमजल्यावर एक मुद्रितशोधक बाई राहते, चाकाच्या खुर्चीतली. सकाळी मदतनीस येऊन तिला तयार करत असे आणि ती नऊला छापखान्यात हजर होई. तिला विचारले, ‘कपडे स्वतः घालू शकता का?’ ती प्रामाणिक आहे, म्हणाली, ‘हो.’ पावणेदोन तास लागतात आणि मग दुपारपर्यंत पडून राहावे लागते, हे सांगायला तिने तोंड उघडले तोवर पुढचा प्रश्न आला होता. आता ती रोज पूर्णतः स्वावलंबीपणे कपडे घालते आणि कुठेही जात नाही. छापखान्याने दुसरा माणूस घेतला. काटकसर या शब्दाचा अर्थ एका कमावत्या बाईला घरी बसवणे असा असेल, तर तुम्ही फारच काटकसरी आहात.

आता व्याकरण. कंटाळू नकोस, लहानपणी तुला माझ्याकडून एवढेच फुकट मिळत असे.

‘शकणे’ हे मोठे मजेदार क्रियापद आहे. ते एकटे येत नाही. ‘मी शकते’ असे वाक्य होत नाही. त्याला दुसऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर बसावे लागते : करू शकते, उठू शकते, पिऊ शकते. खांद्यावर बसल्यावर ते पहिली गोष्ट ही करते की खालच्या क्रियापदाचे काम थांबवते. ‘आई पिते’ या वाक्यात पाणी पोटात जाते. ‘आई पिऊ शकते’ या वाक्यात पाणी तांब्यातच राहते. किती वेळा, किती वेळात, कोणी सांगितल्यावर, आणि नंतर अंगात काय उरते, यांतले काहीही या क्रियापदाला विचारता येत नाही. तुझ्या पत्रकात एकूण एक्केचाळीस प्रश्न आहेत आणि एक्केचाळीसही ‘शकता का?’ ने संपतात. म्हणजे तुम्ही लोकांच्या आयुष्याविषयी एकही प्रश्न विचारलेला नाही.

हे इतके बारकाईने मला कसे ठाऊक, ते लिहिण्याचे मी चार पाने टाळले. आता टाळत नाही.

गेल्या सप्टेंबरात तू मला त्या पत्रकाचा मसुदा पाठवलास, सोबत चिठ्ठी. ‘ताई, भाषा तेवढी बघ. घरोघरी फिरणाऱ्या परिचारिकांनी लिहिलंय, एका प्रश्नाला दुसऱ्याचा मेळ नाही.’ मेळ नव्हताच. त्यांचे प्रश्न असे होते : ‘सकाळी कोणी न सांगता उठता का?’ ‘शेवटचं पाणी कधी प्यायलात?’ ‘कपडे घालून झाल्यावर बाहेर जायची ताकद राहते का?’ त्या बायकांनी माणसे पाहिली होती आणि जसे पाहिले तसे विचारले होते. मला ती रचना गबाळी वाटली. एका रविवारी, आईला शेजारी बसवून, मी लाल शाईने सगळे प्रश्न एका साच्यात बसवले. मला फार मजा आली, हे मुद्दाम नोंदवते. शेवटच्या पानावर शेरा लिहिला : ‘आता रचना समांतर झाली.’ त्या दिवशी आईने पाणी किती घेतले, हे मला आठवत नाही.

डिसेंबरात तुझा फोन आला. “ताई, तुझ्या एका क्रियापदानं आमची लाभार्थ्यांची यादी तिसऱ्या हिश्श्यानं खाली आली. वरचे साहेब खूश आहेत.” तुला तेव्हाच कळले होते की काय झाले आहे, आणि तरी तू ते तसेच ठेवलेस. ही तुझी लायकी. आणि मी त्या फोनवर हसले. ही माझी. तिसरा हिस्सा म्हणजे माणसे, हे मला तेव्हा सुचले नाही, कारण तेव्हा त्यांत माझे कोणी नव्हते.

तू दर वेळी येण्याआधी आईला न्हाऊ-माखू घालणारी, उशांचे अभ्रे बदलणारी मीच. तुझ्यापुढे आपले घर गबाळे दिसू नये, ही हौस. तुझ्या अज्ञानाला मीच इस्त्री करत आले.

म्हणून एकोणीस तारखेच्या गुरुवारी, ही कपात कायम करण्यापूर्वी सभागृहात जी जाहीर सुनावणी आहे, तिथे मी बोलणार आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझा अकरावा क्रमांक आहे आणि तीन मिनिटे आहेत. एक क्रियापद शिकवायला तेवढी पुरतात. परिचारिकांचा मूळ मसुदा, त्यावरची माझी लाल शाई आणि तुझी चिठ्ठी, अशा तीन गोष्टी मी समितीपुढे ठेवीन. पत्रक कोणाच्या सहीने निघाले आणि भाषा कोणी बिघडवली, ही दोन्ही नावे मी स्वतः सांगेन. शाळेत त्याचे काय पडसाद उमटतील, ते उमटोत.

परवाच्या फोनवर तू म्हणालास, “घरातलं घरात मिटवू. आईसाठी मी खाजगी बाई ठेवतो, पैसे मी देतो. तू फक्त तिथे जाऊ नकोस, माझी पंचाईत होईल.” बाई जरूर ठेव, आई तुझीही आहे. पण तळमजल्यावरच्या बाईला भाऊ नाही. आणि आपल्या आईला परवडणारे उत्तर बाकीच्यांना नाकारणारा माणूस जेव्हा ‘घरातलं घरात’ म्हणतो, तेव्हा तो शब्द ऐकवत नाही.

तुला एक वाट मात्र ठेवते. पत्रक तुझ्या सहीने निघाले, तुझ्या सहीने मागेही घेता येते. ते बुधवारी संध्याकाळपर्यंत झाले, तर मी गुरुवारी फक्त माझी चूक सांगेन. पण माझ्या सांगण्यावरून करू नकोस. स्वतः तपासून घे. प्रयोग सोपा आहे, खर्च शून्य आहे, आणि ज्याच्या घरी असे माणूस आहे त्या कोणालाही करता येईल.

पंधरा तारखेच्या रविवारी ये, पण पाहुणा म्हणून येऊ नकोस. तुझ्याकडे किल्ली आहे. ती वापरलेली मला आठवत नाही. आवाज न करता स्वयंपाकघरात बस, तिथून आईची खुर्ची दिसते आणि आईला तू दिसत नाहीस. मी तिच्या उजव्या हाताशी एक पेला काठोकाठ भरून ठेवलेला असेल. तू बोलू नकोस, खोकू नकोस, पुढे होऊ नकोस. दोन तास त्या पाण्याच्या पातळीकडे बघ. मग बाहेर ये आणि साधेपणाने म्हण, ‘आई, पाणी पी.’ ती पेला उचलेल आणि एका दमात संपवेल. दोन तासांत तिला तहान लागली होती की नव्हती, हे त्या दमावरून तुला कळेल. रिकामा पेला तिच्या हातातून घे, आणि मग तुझ्या पत्रकातल्या सत्ताविसाव्या, ‘पाणी स्वतः पिऊ शकता का?’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहून दाखव.

तुझी वाट पाहू शकते. पाहीन, असे लिहीत नाही.

ताई