डी चार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कॉम्प्युटर गेला. दुपारी लाईट आली ती एकदम जादा दाबाने आली. फ्रिज वाचला, टीव्ही वाचला, नेमका हाच जळाला. कॉम्प्युटरच्या डब्यातून वास यायला लागला. ह्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. "पाठीखालची उशी" एवढं स्पीकर बोलला आणि गप्प. काढायची होती की सरकवायची, कोण जाणे. मी सरकवली.

४ नोव्हेंबर

इथल्या शिराळ्यातल्या दुकानदाराने घरी येऊन डबा उघडला. मदरबोर्ड जळालाय, सोबत प्रोसेसरही. मेमरीच्या दोन पट्ट्या वाचल्या असाव्यात. दोन्ही वस्तू नव्या मागवून देतो म्हणाला, चार दिवस लागतील.

चार दिवस! मेंदूचा झटका आल्याला ह्यांना तीन वर्षं झाली. हात, पाय, जीभ, काही हलत नाही. डोळे आणि पापण्या तेवढ्या. पडद्यावरच्या अक्षराकडे बघायचं, कॅमेरा डोळे ओळखतो, शब्द तयार होतो, स्पीकर तो बोलतो. साताऱ्याच्या कृष्णात भावजींनी — हे आणि ते एकाच पलटणीत होते — सगळं आणून बसवून दिलं होतं. म्हणजे काल मशीन बिघडलं नाही. ह्यांचा आवाज गेला. दुसऱ्यांदा.

६ नोव्हेंबर

राहीकाकूंनी शेजारून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणून दिला. त्यावर मोठी मोठी अक्षरं लिहिली. मी एकेका ओळीवर बोट ठेवते, हवी ती ओळ आली की हे डोळे मिटतात. मग त्या ओळीतलं अक्षर. एका शब्दाला पाच-सहा मिनिटं लागतात.

पहिलं वाक्य जुळलं — "उशी काढ."

तीन दिवस मी ती सरकवत होते. काढली आणि मोरीत जाऊन रडून आले.

दुसरं वाक्य — "डी चार बघ." काय ते कळेना. रेल्वेचा डबा? जम्मूच्या गाडीत होते का तुम्ही डी चारमध्ये? असं विचारलं. ह्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. हे त्यांचं वैतागणं. पुन्हा पुठ्ठा धरला. पुन्हा तेच, डी चार. दोघंही दमलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

बोर्ड आला. दुकानदाराने प्रोसेसर बसवला, तो बरोबर बसला. मेमरीची पट्टी काही बसेना. त्याने दाबली, आणखी दाबली. मलाच ऐकवेना तो आवाज, मी थांबवलं. तुमची मेमरी जुनी झालीय, नवी घ्या, असं त्याचं म्हणणं. पण नवी त्याच्याकडे नाही, कधी येईल माहीत नाही, हल्ली तिची सगळीकडेच टंचाई आहे.

तो गेल्यावर बोर्डाचा खोका ह्यांच्यासमोर धरला. नजर एका कोपऱ्यावर जाऊन थांबली. मग पुठ्ठा. अर्धा तास लागला.

"हा डी पाच. परत दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! पलटणीतून आल्यावर ह्यांनी सात वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. जुन्या पट्ट्या चौथ्या पिढीच्या, बोर्ड आला पाचव्या पिढीच्या मेमरीचा. बोर्ड यायच्या आधी दोन दिवस माणूस हेच सांगत होता, आणि मी त्याला रेल्वेत बसवत होते.

९ नोव्हेंबर

दुकानदाराने बोर्ड परत घेतला. चूक झाली वहिनी, म्हणाला. रविवार असून दुकान उघडलं त्याने माझ्यासाठी. डी चारचा त्याच्याकडे नाही. सांगलीला बिराप्पाकडे जा म्हणून नंबर दिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगलीला जाऊन आले. लिहायला बसलेय खरी, पाय भरून आलेत.

राहीकाकू सकाळी सातलाच आल्या, आज दिवसभर मी इथंच, म्हणाल्या. एसटीत कंडक्टरने सगळ्यात पुढची सीट कॉम्प्युटरच्या डब्याला दिली आणि मला त्याच्या शेजारी बसवलं. इस्लामपुरात गर्दी चढली तेव्हा एका बाप्याने डबा खाली ठेवायला सांगितलं. कंडक्टर त्याला म्हणाला, पेशंट हाय त्यो, बसू द्या.

बिराप्पा जतकडचा. पन्नाशीचा असेल. आजोबांपर्यंत मेंढरं होती, हा रेडिओ दुरुस्तीतून इकडे वळला. त्याने दोन खोके शेजारी शेजारी ठेवले. दिसायला एकसारखे.

"ताई, बोर्ड त्योच हाय, पर दोन जातीत येतोय. एक नव्या मेमरीचा, एक जुन्या. प्रोसेसर दोन्हीवर चालतोय. नावाच्या शेवटी डी चार लिवलंय का बघायचं, बास." मग पट्टी माझ्या हातात दिली. तिच्या कडेला मधे एक खाच असते. ती खाच आणि बोर्डावरचा उंचवटा समोरासमोर आले तरच बसवायची. "जोर लावायचा न्हाई. जोर लावला की मोडतंय."

डी चारचा बोर्ड बसला, पट्ट्या हलक्या टक आवाजाने आत गेल्या. चालू केलं. पडदा काळा. त्याने पट्ट्या काढल्या, खोडरबराने त्यांच्या सोनेरी कडा घासल्या, शाळेत वही पुसतात तशा. एकेक लावून बघितली. पहिली मेलेली होती. दुसरी लावली आणि पडदा उजळला! एकीवर भागेल का विचारलं. डोळ्यांच्या कॅमेऱ्याला भागंल, दुसरी शोधून ठिवतो, म्हणाला.

जेवणाची वेळ टळून गेली होती. त्याने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली, आणि मीही खाल्ली. त्याच्यासमोरच कॉम्प्युटरच्या आतला फोटो काढून घेतला, ह्यांना दाखवायला.

१२ नोव्हेंबर

सकाळी दहाला सुरू केलं. कॅमेऱ्याला डोळे ओळखायला वेळ लागला. मी भिंतीला टेकून उभी. स्पीकर खरखरला.

"दमलीस. आधी जेव."

नऊ दिवसांनी ऐकला. यंत्राचाच आवाज तो, सपाट. पण माझ्यासाठी ह्यांचाच.

मी खरंच जेवले. मग बिराप्पाकडचा फोटो दाखवला. नीट बघून म्हणाले, "पट्टी एकच आहे. एकच असली तर दुसऱ्या स्लॉटमध्ये हवी. त्याला विचार."

एवढं त्याने केलं आणि ह्यांनी चूक काढली! लाजत लाजत फोन केला. बिराप्पाने फोटो मागवून बघितला. मग म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. घाईत ऱ्हायलं माझं." त्याने फोनवर सांगितलं तशी मी माझ्या हाताने पट्टी काढली आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. जोर लावला नाही. बसली.

१३ नोव्हेंबर

राहीकाकू, कंडक्टर, बिराप्पा, चूक कबूल करणारा तो दुकानदार. ह्यातलं कुणीही आमचं काही लागत नाही. देवापुढे दिवा लावताना आज चौघांची नावं घेतली. कंडक्टरचं नाव माहीत नाही, म्हणून शिराळा-सांगली गाडी म्हटलं.

१७ नोव्हेंबर

बिराप्पाचा फोन. गिऱ्हाइकं बोर्डाचे फोटो पाठवतात, ह्याला कुठली मेमरी बसेल विचारतात. जत, कवठेमहांकाळ, पार विट्याहून. उत्तरं द्यायला त्याला सवड नाही, आणि चुकीचं सांगितलं तर माणसाचा हेलपाटा होतो. साहेब सकाळी दोन तास व्हॉट्सॲपवर उत्तरं देतील का? कामाचा मोबदला देईन.

मी नको म्हणाले. ते थकतात, मानेला त्रास होतो, मधेच ताप येतो. बिराप्पा बरं म्हणाला. फोन ठेवला.

मागून स्पीकर बोलला. "मला विचारलं नाहीस."

बँकेत, दवाखान्यात, पाहुण्यांत, तीन वर्षं ह्यांच्या वतीने मीच हो-नाही म्हणतेय. पहिल्यांदा तसं करावंच लागलं. मग सवय झाली. आवाज परत आणायला मी सांगलीला गेले, आणि आणल्यावर त्याला बोलूच दिलं नाही.

संध्याकाळी बिराप्पाला पुन्हा फोन लावून दिला आणि बाजूला झाले. ते दोघं बोलले. मी मधे एक शब्द घातला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नऊला उशी नीट करायला आत गेले. डोळे पडद्यावर. स्पीकर म्हणाला, "ड्युटीवर आहे. नंतर ये." मी दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसून सगळा चहा गरम असतानाच प्यायले.