डेल्बर्टचा निळा डोळा

अलास्का, ८ जुलै

ती. ओडेसाताईस सा. न. वि. वि.

माझ्या खोपटामागे एक अद्भुत रानफूल उगवलंय. आभाळासारखं निळं, मध्ये पांढरं. इथे कुणी ते कधी पाहिलेलं नाही, म्हणजे शोध माझाच. ‘डेल्बर्टचा निळा डोळा’ असं नावही ठेवलं. गावच्या जत्रेत ‘आपल्या मातीतली रानफुलं’ या गटात मांडतोय. शेजारच्या विधवा सिग्रिडबाई काल कुंपणाशी थांबून बराच वेळ बघत होत्या. एरवी त्या फक्त माझ्या कुत्र्याची तक्रार करायला येतात.

भावजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवावा.

तुझा डेल्बर्ट

मारिपोसा, कॅलिफोर्निया, २० जुलै

चि. डेल्बर्टास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसता हसता ह्यांची कवळी कॉफीत पडली. अरे शहाण्या, ती आपली बेबी-ब्लू-आइज. दर मार्चला घरामागची टेकडी त्यांनीच निळी होते. लहानपणी तू त्यांत लोळलायस, एकदा मूठभर खाल्लीही होतीस. गेल्या वर्षी मुरंब्याच्या बरण्या मी त्याच टेकडीवरच्या वाळल्या गवतात गुंडाळून पाठवल्या. ते गवत तू बियांसकट मागच्या दारी फेकलं असणार. तू सगळंच तिथे फेकतोस. नाव मागे घे. तिकडे तरी आपल्या घराण्याची अब्रू राहू दे.

माया आहे म्हणून रागावते, हे विसरू नकोस.

ओडेसा

अलास्का, ११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्या बक्षिसाची फीत माझ्या कोटावर होती, आणि ‘ही माती, हे फूल’ असं भाषणही ठोकून झालं होतं. टपाल सिग्रिडबाईंनी आणलं. मी चष्मा विसरलेला, म्हणून त्यांनीच वाचलं. भर मांडवात, मोठ्यानं, कवळीसकट. मग म्हणाल्या, तुम्ही सांगता की मी सांगू? मी पुन्हा व्यासपीठावर चढलो आणि सांगितलं की फूल कॅलिफोर्नियाचं, मीही तिथलाच, आणि अक्कल कुठलीच नाही.

फीत गेली. परीक्षक म्हणाले, परकं रोप पसरायला नको, बी पडायच्या आत उपटा. दुसऱ्या दिवशी सिग्रिडबाई हातमोजे घालून हजर. दोघांनी मिळून एकूण एक रोप उपटलं. उपटता उपटता मी विचारून टाकलं. त्या म्हणाल्या, चारचौघांत स्वतःला गाढव म्हणवणारा माणूस नवरा म्हणून परवडतो.

लग्न सप्टेंबरात. दोघांनी यावं, एवढा हट्ट पुरवावा.

डेल्बर्ट

मारिपोसा, २३ ऑगस्ट

चि. डेल्बर्टास आशीर्वाद.

येतो. ह्यांनी कोट उन्हात घातलाय. मला रडू आलं, ते ह्यांना दिसलं नाही.

सिग्रिडला माझं प्रेम सांग, आणि एवढं विचारून ठेव: परमुलखातलं सगळं उपटलं, मग एकट्या तुलाच कसं ठेवलं?

तुझी ओडेसाताई