दोघांचा पाळणा, एकाचं डाएट

३ मार्च
मटण, मासे, अंडी बंद. आजपासून संपूर्ण शाकाहार. कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे बायकोच्या धाकाने केलं असं मलाच पुढे वाटायला नको.

आमच्या पाळण्याला नवीन मशीन बसवलंय. पाळणा म्हणजे उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायला आम्ही ज्यात उभे राहतो तो लोखंडी पिंजरा. वजन जास्त झालं की मशीन पीं पीं करतं आणि जागचं हलत नाही. आज मी, माझा साडू आणि पाण्याच्या बादल्या आत. लगेच पीं पीं. मी उतरलो तर गप्प.

सुपरवायझर म्हणाला, महिनाअखेरपर्यंत दोघांनी मिळून दहा किलो उतरवा, नाहीतर जो जड तो खाली. खाली म्हणजे फुटपाथवर दोरी धरून लोकांना हटकत राहायचं. अठरा वर्षं मी वर काम करतोय. वर वारा असतो, सगळं शहर पायाखाली असतं, आणि मी कोणीतरी असतो. खाली मला कुत्रं विचारत नाही. मी खाली जाणार नाही म्हणजे नाही.

साडूला सांगितलं, तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस, दहाच्या दहा मी एकटा उतरवतो. तो बरं म्हणाला. फार साधा माणूस.

९ मार्च
तीन किलो गेले. बायकोला ओढत नेऊन काटा दाखवला. म्हणाली, सुरुवातीला जातं ते नुसतं पाणी असतं. माझं काही चांगलं झालं की हिला ते पाणीच वाटतं.

१३ मार्च
वजन हलत नाही. काट्याची बॅटरी बदलली. फरक नाही. काटा बाथरूममधून हॉलमध्ये आणला, मग गच्चीत नेला. गच्चीत अर्धा किलो कमी भरलं. यापुढे वजन गच्चीतच.

१४ मार्च
अर्धा किलो परत आला. वर भाऊबंद घेऊन आला.

बायकोने विचारलं, दिवसभर खाता तरी काय? सांगितलं. बटाटे, बटर, चीज, शेंगदाणे, केळी, केक. यात एक तरी जनावर आहे का? केकमध्ये अंडं असतं म्हणाली. असेल. दिसत तर नाही. शाकाहार हा शाकाहार. त्यात किती, हा प्रश्न येतोच कुठे?

१७ मार्च
घरच्या काट्याशी संबंध तोडला. घरात राहून तो शेवटी बायकोच्याच बाजूने बोलणार.

पाळण्याच्या मशीनवर आतलं सगळं वजन दिसतं, हे आधी लक्षातच आलं नव्हतं. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चार किलो कमी. कंपनीचं मशीन. त्याला माझ्याशी वैर असायचं काही कारण नाही. आता तेच खरं मानायचं.

साडूचा चेहरा मात्र उतरलाय. विचारलं तर म्हणाला, झोप होत नाही. त्याला म्हटलं, माझ्याकडे बघ, मनाचा निग्रह पाहिजे.

१९ मार्च
जेवायच्या सुट्टीत साडूने स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. पोट बरं नाही म्हणाला. चीज सँडविच होतं, लोणी ओसंडत होतं. अन्न टाकलेलं मला बघवत नाही. मेहुणीच्या हाताला चव आहे. माझा डबा आधीच संपला होता, त्यामुळे हे जेवणात धरलं नाही.

२२ मार्च
साडू आज पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडत होता. पँट राहत नाही म्हणे. काळजी वाटते. हल्ली त्याचा डबा रोज मलाच संपवावा लागतो.

मशीनवर आणखी दोन किलो कमी. बँकेच्या इमारतीची गोलाकार काच पुसताना स्वतःला बघितलं. चक्क सडपातळ. इतकी वर्षं काचा पुसतोय, काच कधी खोटं बोलत नाही. दुपारी माझ्या पँटचं बटण तुटून खाली गेलं. दोरा कच्चा होता.

२५ मार्च, पहाटे
दूध आणायला निघालो तर साडू मैदानाला धावत फेऱ्या मारताना दिसला. घामाने निथळत होता. घरात नक्की भांडण झालंय. बायकोला म्हटलं, तुझ्या बहिणीला फोन करून समजावतो. ती म्हणाली, तुम्ही कृपा करा आणि काही बोलू नका. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी फार वाळलोय हे आत्ता कुठे तिच्या लक्षात येत असावं.

३१ मार्च
जिंकलो. दोघं चढलो, बादल्या घेतल्या, मशीन चिडीचूप. पाळणा सुळकन वर. वरच्या मजल्यापर्यंत साडूला शाकाहाराचे फायदे समजावले. तो काच पुसत ऐकत होता.

(संध्याकाळी)
खाली आल्यावर सुपरवायझरला ऐकवलं, मनावर घेतलं की सगळं होतं. तो म्हणाला, आता कमरेचे नवे सेफ्टी पट्टे द्यायचेत, एकेकाचं वजन लागेल.

आधी साडू उभा राहिला. महिन्याच्या सुरुवातीला वहीत लिहिलेल्या वजनापेक्षा अकरा किलो कमी.

मग मी. एक किलो जास्त.

सुपरवायझरने काटा फडक्याने पुसला आणि मला परत उभं केलं. तेच. कोणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं.

साडूला विचारलं, हे काय केलंस? म्हणाला, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाबरोबर वर उभं राहायचं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

२ एप्रिल
सुपरवायझरने साडूला बोलावलं. एवढा हलका माणूस एकट्याच्या खुर्चीला चालतो म्हणे. दोरीवर एकट्याने बसून काम, पगारही जास्त. साडूने तोंडावर नकार दिला. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, वेडेपणा करू नकोस, पोरं लहान आहेत, जा. हे मी मनापासून म्हटलं.

त्याच्या जागी दिलेला गडी अंगाने माझ्यासारखाच. दोघं चढलो. पीं पीं. जड तो खाली. थोडक्यात हुकलं, पण जड मीच निघालो.

८ एप्रिल
फुटपाथ. काम तसं वाईट नाही. सावली असते.

सकाळी एक बाई माझ्याजवळ थांबून वर बघत होत्या. वर साडू एकटा खुर्चीत, झपाझप काच पुसत होता. काय काटक माणूस आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, माझा साडू आहे, महिनाभर डाएट चाललं होतं. त्यांनी विचारलं, कोणाचं डाएट? मी म्हटलं, माझं.

त्यांनी वर त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाजूने चला.