शहाण्णव किलोंचा कुपोषित

४ नोव्हेंबर, मंगळवार
वजन शहाण्णव किलो. आणि आज मला कुपोषित ठरवलं!

मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे, हे गेल्या आठवड्यात कळलं. तेव्हा रडलो नाही. आज मात्र लाज गेली. सर्जन म्हणाले, "काळूरामशेठ, ही चरबी आहे, ताकद नाही. रक्तात प्रथिनं कमी, अंगात सूज जास्त. अशात आतडं कापून शिवलं तर टाके सुटायची भीती. तीन आठवडे नीट खा, मग ऑपरेशन."

रिक्षात बसलो. बायको दमयंती म्हणते, "एवरा मोठा हाय, न कुपोषित!" रिक्षावाला हसला. मीही.

५ नोव्हेंबर
आहारवाल्या समीक्षा मॅडमनी विचारलं, काय खाता? खरं सांगितलं – चहा-खारी, वडापाव, फरसाण. दोन महिने भूक मेलीय, पण खारी जाते! त्यांनी कपाळाला हात लावला.

९ नोव्हेंबर
चार अंडी, डाळ, बोंबील. गव्हाण गावातली जमीन सरकारने घेऊन पैसे दिले तेव्हा मी गावजेवणं घातली, पैजा लावून मटण खाल्लं. आता एका अंड्याला अर्धा तास! दमयंती समोर बसून राहते. "खा गुमान."

१४ नोव्हेंबर
जिना चढायचा व्यायाम. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मैनाबाई भाजीची पिशवी घेऊन मला ओलांडून गेल्या. वर "सावकाश हां" म्हणाल्या!

१८ नोव्हेंबर
आज भ्यालो. दमयंतीला म्हटलं, "नाय सुधारलं रक्त तर?"
"तर आनखी खायाचा." सुरमईचा मोठा तुकडा माझ्याच ताटात टाकला. खाल्ला. वर विचारलं, अजून आहे का?

२५ नोव्हेंबर
प्रथिनं वाढली, सूज उतरली. शाळेत तीनदा नापास झालेला मी – रक्तात पास!

३ डिसेंबर
ऑपरेशन झालं त्याला पाच दिवस. टाके धरले. गाठ सगळी निघाली म्हणतात. चमचाभर पेज प्यायलो. अमृत वगैरे काही नाही. अळणी.

१२ डिसेंबर
तपासणीला गेलो. समीक्षा मॅडम माझे कागद बघता बघता दमयंतीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ताई, तुमचंही रक्त तपासू."

हिमोग्लोबिन सहा.

मॅडमनी मला विचारलं, "या जेवतात कधी?"

बत्तीस वर्षं झाली लग्नाला. मला सांगता आलं नाही.