दोन्ही आवाज त्याचेच

शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५ रोजी संध्याकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी, मिसिसॉगातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये, माझा धाकटा भाऊ लिगोरियो कुलासो याने माइकवर जाहीर केले की त्याच्या नव्या मांडो-गाण्यांच्या रेकॉर्डवरचे दोन्ही आवाज त्याचेच आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सोरपोतेलची बशी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.

मी, एर्मेलिंडा कुलासो, वय ७१, अविवाहित, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. (रागात लिहीत आहे, पण राग म्हणजे दडपण नव्हे.) आधीच्या मृत्युपत्रात सगळे लिगोरला होते, ते रद्द समजावे. बुधवार, ४ मार्चला माझ्या घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढणार आहेत. त्यातून उठले तरी माझा हा आवाज उरणार नाही.

१. राहता फ्लॅट लिगोरची मुलगी मिरेला हिला. बापाचा राग मुलीवर काढायला नन्सनी मला शिकवले नाही.

२. पप्पांचे व्हायोलिन गोव्यातल्या आमच्या कुडतरी गावच्या चर्चच्या गायनशाळेला. लिगोरला नाही. त्याला आता सोबतीला कुणी लागत नाही.

कुडतरीत लग्न असो की चर्चचे फेस्त, आम्हा तिघांना बोलावणे यायचे. पप्पांचे व्हायोलिन, लिगोरची गिटार आणि वरचा सूर, माझा खालचा सूर. मांडो एकट्याने गात नाहीत. कॅनडात आल्यावर पप्पा गोदामात खोकी उचलून वाकले, त्यांची बोटे व्हायोलिनवर चालेनाशी झाली. आम्ही दोघे लोकांच्या तळघरांतल्या पार्ट्यांत गात राहिलो. मग लिगोरचे नाव झाले, रेकॉर्ड निघू लागल्या. पुढे त्याचा फोटो, मागे बारीक अक्षरांत ‘साथ : ए. कुलासो’. मी कधी तक्रार केली नाही. मला गायला मिळत होते.

३. बँकेतल्या शिलकीतून दफनाचा खर्च करावा, उरलेले त्याच गायनशाळेतल्या मुलींना. दफनाच्या वेळी लिगोरची नवी रेकॉर्ड लावल्यास मिरेलाने ती बंद करावी. फादरांनी लावली असली तरी.

ती रेकॉर्ड ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी मिळून गायली होती. नंतर मला न सांगता त्याने माझा आवाज काढला आणि त्या जागी स्वतःचाच भरला. हॉलमध्ये मी त्याला कोपऱ्यात गाठले.

“बाय, तुझा श्वास ऐकू येत होता गं. मध्येच घरघर. मशीन काही लपवत नाही.”

“जिवंत माणूस गाताना श्वास घेतो, लिगोर.”

“आता चिडू नकोस. सत्तरी झाली तुझी, मजेत राहा. केक घे, चांगलाय.”

केक मी घेतला नाही. डिसेंबरमध्ये कळले, ती घरघर वयाची नव्हती. डॉक्टरांच्या आधी त्याच्या मशीनने ती ऐकली. तो म्हणाला असता, “बाय, घसा दाखवून ये,” तर बहुधा गाठ तेव्हा लहान असती. त्याला ती फक्त पुसावीशी वाटली.

४. शिवणयंत्र शेजारीण बर्नडेटला द्यायचे होते. पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून कालच तिच्या घरी पोचवले.

५. लिगोरियो कुलासो यास : ऑगस्टमधला माझा आवाज तू ठेवला आहेस की पुसला आहेस, एवढेच मला कळव. ठेवला असशील तर मिरेलाच्या हाती दे. दफनाला तोच लावायचा आहे, घरघरीसकट. पुसला असशील तर तसे स्पष्ट लिही, म्हणजे घशात सूर आहे तोवर मी दुसऱ्या कुणाबरोबर तरी गाऊन ठेवीन. गोड बोलायला फोन करू नकोस. उत्तर लेखी, तुझ्या सहीनिशी, शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६ रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे.

सही : एर्मेलिंडा कुलासो
मिसिसॉगा, ९ फेब्रुवारी २०२६

आम्हा दोघांच्या देखत सही झाली :
बर्नडेट मोनिझ
सायमन ओकाफोर