पेट्रोल सोडून सगळं तपासलं

ती. आत्या,

कोपरापासून नमस्कार. (वाकडा अर्थ घेऊ नकोस. कोपराखालचं ग्रीस कितीही घासलं तरी निघत नाही, एवढंच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? काकांना सांग, त्यांनी पाठवलेला स्वेटर मला अगदी बरोबर बसतो, फक्त त्यातून डोकं जात नाही.

मी मजेत आहे. गॅरेजात सगळे मला 'तंद्री' म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी डोळे मिटून ऐकतो, आणि कधीकधी ऐकून झालं तरी तसाच उभा राहतो. आमच्या मालकांना यात शुद्ध कामचुकारपणा दिसतो. मागे त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "लोक गाडी बंद पडल्यावर येतात. त्याआधी आले पाहिजेत. एक शनिवार ठरव, गिऱ्हाइकांना गाड्या तपासून घ्यायला बोलाव, सगळं तू बघायचं. फसलास तर पुढे धुलाईवर." (धुलाई म्हणजे गाड्या धुणं. तुला वाटलं तसं नाही.)

मग मी फोन करत सुटलो. आत्या, ज्याचं काही बिघडलेलं नाही अशा माणसाला बोलावणं फार अवघड. "गाडीला काय झालंय?" "काही नाही." "मग?" या 'मग'पाशी मी फोन ठेवून पुढचा नंबर फिरवायचो. एका बाईंना वाटलं मी त्यांच्या गाडीचं वाईट चिंततोय. आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "मी रोज पेशंटना हेच सांगतो. कुणी ऐकत नाही. मीही ऐकणार नाही."

शनिवारी मी फरशी घासून ठेवली, नवे फिल्टर रांगेत मांडले आणि दारात खुर्ची टाकून बसलो. समोरचा रस्ता धुक्यात अर्धवट मिटलेला. आमचा इलेक्ट्रिशियन वायरच्या भेंडोळ्यावर डोकं ठेवून केव्हाच झोपला होता. मीही पेंगत होतो, तेवढ्यात धुक्यातून एक छोटी निळी गाडी आली. जागेपणी आली की झोपेत, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

गाडीतून उतरली ती शाळाशाळांतले पियानो आणि पेट्या सुरात लावून देणारी. मागच्या सीटवर तिची हत्यारं, आमच्याच हत्यारांची नाजूक भावंडं. मी ऑईल बदललं, एअर फिल्टर बदलला, ब्रेकचे पॅड, कूलंट, बॅटरीची टोकं, टायरमधली हवा, दिवे, सगळं पाहिलं. मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो तर शेजारून आवाज आला, "मी ऐकू?" तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला, कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मधेच एकदा दचकतंय." आत्या, दचकतच होतं! एक स्पार्क प्लग थकला होता. इतक्या वर्षांत असं दचकणं माझ्याशिवाय कुणालाही ऐकू आलेलं नव्हतं.

ब्रेक बघायला आम्ही नेहमी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. ती म्हणाली, तलावाकडचा उतार बरा. मी तिकडे वळलो. काचा खाली, धुकं विरळ होत चाललेलं, पाण्यावर ऊन सांडलेलं, नव्या प्लगवर इंजिन गुणगुणतंय आणि त्याच सुरात तीही. वळणं किती आली कुणास ठाऊक. इंजिन थांबलं तरी ती गुणगुणतच होती, त्यामुळे गाडी बंद पडल्याचं मला जरा उशिराच कळलं.

बॉनेट उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. ती शांतपणे म्हणाली, "तो काटा कायम अर्ध्यावरच असतो. मला बरं वाटतं बघून."

मालकांना फोन केला. ते काय म्हणाले ते लिहीत नाही, काकांनाही वाचून दाखवशील. मग आम्ही बांधावर बसलो. वाद्यं हळूहळू उतरतात आणि रोज वाजवणाऱ्याला कळतही नाही, असं ती सांगत होती. मग पाण्याकडे बघत म्हणाली, उजव्या कानानं हल्ली कमी ऐकू येतं, अजून कुणाला सांगितलं नाही, दाखवायची भीती वाटते. (हे तुझ्यापाशीच ठेव.) मी उठलो आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. ती हसली. "दाखवीन," म्हणाली.

तेवढ्यात लांबून किंकाळी ऐकू आली. ती मालकांच्या गाडीची होती. तिच्या इंजिनाचा पट्टा कित्येक महिने ओरडतोय, पण मालकांच्या गाडीला हात लावायची कुणाची टाप? आमच्यापाशी येता येता तो फट्कन तुटला. मालक हातात पेट्रोलचा कॅन घेऊन उतरले आणि आपल्याच गाडीकडे असे बघत राहिले, की मला तंद्री म्हणणाऱ्यांनी त्यांना पाहायला हवं होतं.

कॅन निळ्या गाडीत रिकामा केला. मालक मागच्या सीटवर तिच्या हत्यारांमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसले. पहिल्याच वळणावर त्यांना झोप लागली. गॅरेजच्या दारात उठवलं तर डोळे चोळत म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा ठेव. माझ्या गाडीपासून सुरुवात कर." धुलाई टळली.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप.

तुझाच,
तंद्री (घरातलं नाव तुला माहीत आहेच)

ता. क. : ती येत्या आठवड्यात तुमच्या गावातल्या शाळेचा पियानो लावायला येते आहे. मी तिला तुझ्याकडे जायला सांगितलंय. नीट बघ आणि बाबांच्या कानावर हळूच घाल. तिला मात्र काही बोलू नकोस, मी अजून विचारलेलं नाही.

आणखी ता. क. : आत्याची पेटी फार बेसूर झाली आहे, असं सांगून मी तिला तयार केलं. तुमच्या घरी पेटी नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा कुठून तरी मागून आण. आणि ती सुरात निघालीच, तर काकांना एक दुपारभर वाजवू दे.